दोन सरकारं आणि मथुराबाईचे बैल

सरकारी कचेरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. धुळीसारखे ते आपोआप बसतात. टेबल पुसलं की फायलीखालून आणखी एक निघतो! मी तिथे तीन वर्षं होते. एलएल.बी.चा निकाल लागला आणि महिन्याभरात ‘कायदा सहायक’ म्हणून चिकटले. वाटलं होतं, शेतकऱ्यांचे कायदे आता आपण सुधारणार. प्रत्यक्षात पहिला आठवडा मी पंख्याखाली उडणारे कायदे पेपरवेटने दाबून ठेवण्यात घालवला. हसू नका. त्या कचेरीत त्या आठवड्यात तेवढं एकच काम झालं.

कचेरी म्हणजे सिव्हिल लाइन्समधला इंग्रजांच्या वेळचा बंगला. मधोमध हॉल. हॉलच्या डावीकडे राज्य सरकार, उजवीकडे केंद्र सरकार! डाव्या खोल्यांत राज्याचा कापूस खरेदीचा कायदा राबवणारे आम्ही, आणि उजव्या खोल्यांत आम्ही तो कसा राबवतो हे दिल्लीला कळवणारे ते.

कायदा असा होता की शेतकऱ्याने कापूस फक्त राज्य सरकारलाच विकायचा. व्यापाऱ्याला नाही, आणि राज्याच्या हद्दीबाहेर तर मुळीच नाही. पण कायदा मुदतीचा. मुदत संपत आली की दिल्लीची परवानगी आणायची आणि वाढवायची. मुंबईला हा कायदा जीव की प्राण, दिल्लीला तो डोळ्यांसमोर नको. आणि दोघांच्या बरोबर मधे नागपूर.

आमचे प्रमुख देशकर साहेब, तिकडचे चतुर्वेदी साहेब. दोघंही रिटायरमेंटच्या दारात. दुपारी एक ते दोन दोघं एकाच टेबलावर जेवायचे. देशकरांकडचा पाटवडीचा रस्सा आणि चतुर्वेदींकडचं लिंबाचं लोणचं, यात केंद्र-राज्य संबंध अतिशय उत्तम होते. दोन वाजता हात धुतले, की मात्र ओळख नाही!

* * *

माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मला केंद्राच्या एका परिपत्रकाची प्रत हवी होती. मी सरळ उठले, हॉल ओलांडला आणि चतुर्वेदी साहेबांकडे मागितली. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. प्रत दिली नाही.

‘‘बेटी, ऐसे कैसे दें? चिठ्ठी लिखो.’’

मी चिठ्ठी लिहिली. देशकर साहेबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘‘राज्य सरकार केंद्र सरकारला परस्पर लिहीत नसतं, मिस मेश्राम! मुंबईमार्फत.’’

पत्र मुंबईला गेलं. मुंबईहून दिल्लीला. दिल्लीहून उजव्या खोलीत. उत्तर उजव्या खोलीतून दिल्लीला, मग मुंबई, मग आमच्याकडे. उत्तरात लिहिलं होतं, ‘सदर परिपत्रक आपल्या नागपूर येथील इमारतीतच उपलब्ध असून तेथे विचारणा करावी.’

ते पत्र नामदेवने माझ्या टेबलावर ठेवलं. नामदेव म्हणजे आमचा शिपाई. पांढऱ्या मिशांचा, दोन्ही सरकारांचा मिळून एकच.

‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘हे कागद बम फिरून आलं. मी तं आजून मुंबई नाई पायली!’’

* * *

उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या. ताट्या केंद्राच्या पैशातून आलेल्या, आणि त्यांवर मारायचं पाणी आमच्या बाजूच्या नळाचं. तर एका मे महिन्यात देशकर साहेबांनी फाईल काढली : केंद्राच्या ताट्यांवर राज्याने पाणी का मारावं?

आमच्या घरी कोनाड्यात, आजोबांच्या काळी जिथे देव होते तिथे, छप्पन सालापासून बुद्धाची मूर्ती आहे आणि शेजारी राज्यघटनेचं पुस्तक. बाबांनी मला त्यातल्या तिन्ही याद्या दहावीच्या आधी पाठ करून घेतल्या होत्या. केंद्राची यादी, राज्याची यादी आणि दोघांची मिळून समवर्ती यादी. मी घामाने निथळत होते. म्हटलं, ‘‘साहेब, शेती राज्याच्या यादीत, पाणी राज्याच्या यादीत, ताट्या केंद्राच्या. पण गारवा समवर्ती यादीत घाला की!’’

मला वाटलं हसतील. ते म्हणाले, ‘‘मुद्दा चांगला आहे. लेखी द्या.’’

मी रागाने खरंच लेखी दिलं. डिसेंबरात, आम्ही सगळे स्वेटर घालून बसलो असताना, मुंबईहून मंजुरी आली : ‘ताट्यांवर पाणी मारण्यास हरकत नाही.’

आणि नामदेवने मारलं हो! हुकूम म्हणजे हुकूम.

* * *

आता मथुराबाई.

मथुराबाई खाप्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या, काटक. नवऱ्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे वावराचं सगळं त्यांच्याच अंगावर. खाप्यापासून मध्य प्रदेशाची हद्द काही लांब नाही. मार्चअखेर शेवटच्या वेच्याचा कापूस बैलबंडीत भरून त्या निघाल्या हद्दीपलीकडे, सौंसरच्या बाजाराला. तिथे त्यांच्या बहिणीचं घर, आणि तिथला व्यापारी उभ्या उभ्या माल घ्यायचा. हद्दीच्या अलीकडे आमच्या खरेदी केंद्रावर मात्र बंड्यांची रांग लागलेली असायची.

हद्दीवरच्या नाल्यात आमच्या इन्स्पेक्टरने बंडी धरली. कायद्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. फक्त दोन!

कायद्याप्रमाणे माल जप्त आणि वाहनही जप्त. कापूस गोदामात गेला. बंडी आणि बैल आले आमच्या कचेरीत.

जप्तीचा छापील फॉर्म ट्रकसाठी केलेला होता. इन्स्पेक्टर मोठा नियमाचा माणूस, एक रकाना रिकामा सोडायचा नाही. त्याने भरलं होतं :

‘वाहनाचा प्रकार – बंडी. इंजिन – दोन नग. रंग – एक लाल, एक बांडा. चालू स्थितीत.’

* * *

बैल ठेवायचे कुठे? नगरपालिकेच्या कोंडवाड्याला फोन केला. तिथला बाबू म्हणाला, ‘‘आम्ही फक्त मोकाट जनावर घेतो. सरकारी बैल घेत नाही.’’

नामदेवने डोकं चालवलं. ‘‘साहेब, मी यायले पाच मिनिटं मोकाट सोडून पायतो ना! मंग तर घेतीन?’’

देशकर साहेबांनी यावर खरोखर दोन मिनिटं विचार केला. शेवटी बैल कंपाऊंडमधल्या कडुनिंबाला बांधले.

मथुराबाई दुसऱ्याच दिवशी हजर. नागपुरातच गड्डीगोदामला त्यांच्या भाचीचं घर होतं, तिथे मुक्काम ठोकला. रोज सकाळी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन यायच्या, बैलांना घालायच्या, अंगावरून हात फिरवायच्या आणि मग व्हरांड्याच्या पायरीवर बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी देशकर साहेबांना स्वच्छ सांगितलं :

‘‘कापूस ठेवून घ्या साहेब. मी नाई भांडत. पन मले माये बैल द्या. मिरगाच्या आंदर वखर नाई फिरला तं वावर पडीत राहीन. गावात कोन आपले बैल देईन या दिवसायत? सारेच वखरून राहिले.’’

साहेब म्हणाले, ‘‘बघू. प्रकरण विचाराधीन आहे.’’

मथुराबाईंनी मला विचारलं, ‘‘हे इचाराधीन म्हंजे किती दिवस वं?’’

मी काय सांगणार? माझ्या ताट्यांना सात महिने लागले होते.

* * *

दोन दिवसांनी कायद्याची मुदत संपली. दिल्लीची परवानगी आलेली नव्हती. मुंबईची तार आली : ‘मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवला आहे. कायदा चालू समजावा.’ त्याच दुपारी उजव्या खोलीत दिल्लीची तार आली : ‘प्रस्तावाला मान्यता दिलेली नाही. कायदा संपला समजावा.’

दोघांनी आपापल्या तारा जेवताना एकमेकांना दाखवल्या.

‘‘जिंदा है,’’ देशकर साहेब म्हणाले. ते चतुर्वेदींशी हिंदीत भांडायचे.

‘‘मेला, देशकर, मेला!’’ चतुर्वेदी साहेब मराठीत भांडायचे. ‘‘रस्सा वाढा.’’

आता गंमत बघा. कायदा जिवंत असेल तर खटला भरा, निकाल लावा, बैल द्या. मेला असेल तर तसेच सोडून द्या. कसंही केलं तरी बैल सुटतात! पण राज्याने सोडले, तर कायदा मेल्याचं राज्याने कबूल केल्यासारखं होतं. आणि मेलेल्या कायद्याखाली खटला भरायला कोर्टात जायची कोणाची छाती नाही. केंद्राने सोडायचे म्हटलं तर केंद्राने ते पकडलेच नव्हते.

दर आठवड्याला नवी तार. आज चालू, उद्या संपला, परवा ‘निर्णय होईपर्यंत जैसे थे’. मथुराबाईंना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. रोज सकाळी पेंढी टाकून झाली की त्या मला पायरीवरूनच हाक मारायच्या :

‘‘मेश्राम बाई, आज कायदा जित्ता हाय का मेला वं?’’

‘‘आज अर्धा जिवंत आहे, मथुराबाई.’’

‘‘बरं. म्हंजे अर्धे बैल तरी द्या. लाल्या द्या, तो वळनाचा हाय.’’

* * *

बंगल्याच्या कंपाऊंडमध्येसुद्धा दोन सरकारांच्या मधे चुन्याची रेघ होती. कडुनिंब बरोबर त्या रेघेवर. त्यामुळे बैलांची तोंडं केंद्रात आणि शेपट्या राज्यात!

झालं. जप्त मालाची दर शुक्रवारी तपासणी करायची असते. हद्द दोघांची, म्हणून सहीसुद्धा दोघांची. दोघं साहेब व्हरांड्यात उभे राहायचे, लांबूनच बघायचे, आणि मी लिहून घ्यायची : ‘माल दोन नग, सुस्थितीत.’

मथुराबाईंच्या कडब्याने आणि बसून खाण्याने महिन्याभरात बैल चांगले भरले. चतुर्वेदी साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी दिल्लीला लिहिलं, ‘मालात किंचित वाढ.’ दिल्लीने उलट विचारलं, ‘वाढीचं कारण काय? आणि वाढीव भाग कोणाच्या मालकीचा?’

यावर दोन्ही साहेब दोन दिवस भांडले. बैल केंद्राच्या हद्दीत खातात, सबब वाढ केंद्राची. बैल राज्याने जप्त केले, सबब वाढ राज्याची. मथुराबाई पायरीवरून ऐकत होत्या.

‘‘दोघायचीबी नाई साहेब!’’ त्या शेवटी ओरडल्या. ‘‘कडबा म्या आनला!’’

पण तिसऱ्या दिवशी नामदेवने हातातलं घमेलं व्हरांड्यात दाणकन आपटलं. रोज झाडलोट करून त्याची पाठ गेली होती.

‘‘साहेब, एक सांगा! खानं सारं केंद्रात आन् शेन सारं राज्यात. हे काहून?’’

देशकर साहेबांना ते इतकं आवडलं, की मुंबईला पाठवायच्या टिपणीत त्यांनी ते वाक्य शुद्ध भाषेत घातलं. मुंबईने त्या टिपणीची वाखाणणी केली. कामाबद्दल आमच्या कचेरीची स्तुती झाल्याचा तो एकमेव प्रसंग.

* * *

मग पुढारी आले. आधी राज्याच्या पक्षाचे एक आमदार. बैलांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले, फोटो काढला, आणि अर्धा तास भाषण ठोकलं की दिल्ली आपल्या शेतकऱ्यांचे बैल अडवून बसली आहे.

चार दिवसांनी दिल्लीकडचे एक खासदार. शेवंतीचे हार. फोटो. भाषण : मुंबईच्या हट्टापायी या माउलीचे बैल अडकलेत!

दोघांपैकी एकाने तरी माउलीला विचारलं का, की बाई, तुझं म्हणणं काय? छे! माउलीला फोटोच्या चौकटीतून बाजूला व्हायला सांगितलं.

संध्याकाळी मी विचारलं, ‘‘काय मथुराबाई, कोणाचं भाषण चांगलं झालं?’’

‘‘भाषनाचं मले नाई समजत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन बांड्यानं शेवंती पुरी खाल्ली. झेंडू थुकला.’’

* * *

मे अर्धा उलटला. मथुराबाईंच्या नवऱ्याचा गावाकडून निरोप आला, की शेजारच्या सगळ्या वावरांत वखर दोनदा फिरले, आपल्यात पऱ्हाट्यासुद्धा उभ्या आहेत. मागच्या हंगामाची कपाशीची वाळकी झाडं! त्या दिवशी मथुराबाईंनी कायदा जिवंत का मेला ते विचारलं नाही. पेंढी टाकली आणि पायरीवर न बसता बैलांजवळच जमिनीवर बसून राहिल्या.

माझं डोकं फिरलं. एक वाजला होता. मी सरळ जेवणाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

‘‘साहेब, तुम्ही दोघं एका ताटात वाढून घेता, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत पंगती वाढता, आणि एका बाईचे दोन बैल तुम्हाला सोडवत नाहीत? दीड महिना झाला! शेतीचे कायदे करता ना तुम्ही? शेती कशाने करतात माहीत आहे का? वखराने! तारांनी नाही!’’

देशकर साहेबांचा घास हातातच राहिला. ‘‘मिस मेश्राम, आवाज. हे बघा, सोडायला कोणाची ना आहे? पण सोडल्याचा कागद झाला की मुंबई मला विचारणार.’’

‘‘और मुझे दिल्ली,’’ चतुर्वेदी साहेब म्हणाले. ‘‘तुम अभी छोटी हो, बेटी. कागज क्या चीज है, तुमको मालूम नहीं.’’

हे ‘तुम अभी छोटी हो’ ऐकलं, की माझी कानशिलं तापतात. साठ वर्षं जगून माणूस कागदाला भ्यायलाच शिकत असेल, तर मी छोटीच बरी! मी हे तसंच्या तसं बोलून टाकलं. वर म्हटलं, ‘‘ठीक आहे. तुम्ही नाही सोडत तर मी सोडते.’’

‘‘नोकरी?’’ देशकर साहेबांनी विचारलं.

‘‘बैल!’’

मग चतुर्वेदी साहेबांनी लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली. मी घेतलं नाही.

* * *

दुसरा दिवस शुक्रवार. कचेरी साडेदहाची, मी सव्वाआठला फाटकाशी पोचले. सायकलवरून येताना सगळा हिशेब केला होता. दावी सोडायची, बैल फाटकाबाहेर काढायचे, बंडी जुंपायचं मथुराबाई बघतील. मेमो मिळेल, नोकरी जाईल, जाऊ दे. बाबांना तसं सांगूनसुद्धा आले होते. बाबा म्हणाले होते, ‘‘आधी जेवून जा.’’

कडुनिंबाखाली काही नव्हतं.

बैल नाहीत, बंडी नाही, मथुराबाई नाहीत. सकाळचं ऊन आणि थोडासा कडबा.

मी धावत आत गेले. देशकर साहेब खुर्चीत! चतुर्वेदी साहेब खुर्चीत! माझ्या तीन वर्षांत दोघांपैकी एकही कधी अकराच्या आत आलेला मी पाहिला नव्हता. नामदेव चहा गाळत होता आणि गाळणीतून डोळा वर काढत नव्हता.

‘‘साहेब, बैल...’’

‘‘हां, बरं झालं आलात,’’ देशकर साहेब उठले. ‘‘आज शुक्रवार. तपासणी उरकून घेऊ. वही आणा.’’

दोघं नेहमीसारखे व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी वही उघडली.

‘‘लिहा. माल दोन नग.’’ साहेबांनी झाडाकडे पाहिलं. ‘‘काय म्हणता चतुर्वेदी, स्थिती?’’

‘‘अच्छी है,’’ चतुर्वेदी साहेब म्हणाले. ‘‘छाँव में हैं.’’

मी एकाच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसऱ्याच्या. काही नाही! दोन सह्या झाल्या.

नामदेवला मी फाटकापाशी गाठलं. ‘‘नामदेवभाऊ, खरं सांगा, कोणी सोडले?’’

‘‘काय सोडले बाई?’’ तो म्हणाला. ‘‘तपासनी तं आताच झाली ना!’’

त्यानंतरचे सगळे शुक्रवार मी त्या वहीत ‘माल दोन नग, सुस्थितीत’ लिहीत राहिले.

मृग लागून गेला, पेरण्या आटोपत आल्या, आणि एका आठवड्यात दोन्ही तारा आल्या. दिल्ली आणि मुंबई यांचं एकदाचं जमलं होतं. कायद्याला मुदतवाढ मिळाली, आणि जुनी किरकोळ प्रकरणं सोडून द्यायची. ‘जप्त बैल मालकास समक्ष परत करून पोच पाठवावी.’

समक्ष! मथुराबाईंना निरोप गेला. त्या आल्या, पायांना काळी माती लागलेली, कमरेला पदर खोचलेला, वावरातलं काम टाकून मधूनच उठून आल्यासारख्या. देशकर साहेबांनी पावती वाचून दाखवली. आम्ही सगळे कंपाऊंडमध्ये उतरलो.

‘‘बघून घ्या बाई,’’ देशकर साहेब म्हणाले. ‘‘नंतर तक्रार चालणार नाही.’’

मथुराबाईंनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश कडुनिंबापाशी गेल्या. झाडाला एक फेरी घातली. खाली वाकून बघितलं, कमरेवर हात ठेवून लांबून बघितलं.

‘‘लाल्या बराबर हाय साहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बांड्या मातर जरासा वाळला.’’

‘‘वाळला?’’

चतुर्वेदी साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि झाडाखाली अगदी नीट निरखून पाहिलं.

‘‘नहीं भाई,’’ ते म्हणाले. ‘‘वैसा ही है.’’